डाव संपू द्या, मग बोला

दिवेलागणीची वेळ. गोठ्यात म्हैस हंबरते आहे, आई चुलीपाशी आहे आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकणारा मुलगा ओसरीवर मोबाइलमध्ये मान घालून बसला आहे. बाप एकदा हाक मारतो, दोनदा मारतो. तिसऱ्यांदा येऊन हातातला मोबाइलच ओढून घेतो. आणि ज्या मुलाने आजवर बापासमोर आवाज चढवला नाही, तो समोरचे ताट भिरकावतो, नाही नाही ते बोलतो आणि उपाशीच झोपतो. सकाळी मात्र खाली मान घालून आईला म्हणतो, "मला काय झालं, माझं मलाच कळलं नाही."

असे प्रसंग आज कितीतरी घरांत घडत आहेत. "पोरगं हाताबाहेर गेलं," असे आपण म्हणून मोकळे होतो. पण तसे म्हणण्याआधी त्या टीचभर काचेत काय चाललेले असते, ते एकदा समजून घेऊ या.

गोळीबाराच्या या खेळात एका मैदानावर शंभर जण उतरतात. बहुधा चार-चार जणांची टोळी असते. शेवटपर्यंत जी टोळी टिकेल ती जिंकली. एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. पत्त्यांचा डाव पाहुणा आला तर पालथा घालून उठता येते. हा डाव मध्येच थांबवता येत नाही. मोबाइल खाली ठेवला की आपला गडी मेला, आणि कुठल्या कुठे बसलेले तिघे सोबती कानात बोल लावतात. म्हणजे बापाची हाक येते तेव्हा पोराची छाती धडधडत असते आणि कान शत्रूच्या पावलांकडे लागलेले असतात. ऐन पकडीत असलेल्या पैलवानाला मागून कोणी खेचले तर तो वळून काय करील? इथेही तेच होते. राग बापावर नसतो, पण समोर बाप असतो.

दुसरे कारण झोपेचे. सोबती जमतात रात्री जेवणे झाल्यावर. "हा शेवटचा" म्हणता म्हणता दोन वाजतात, आणि सकाळी एस.टी. तर गाठायचीच असते. अपुऱ्या झोपेने थोरामोठ्यांचेही डोके तापते. त्यात हे वय असे, की मेंदूचा मनाला आवर घालणारा भाग पंचविशीच्या आसपास पुरता पक्का होतो. गाडीला वेग आला आहे, ब्रेक अजून बसायचा आहे.

तिसरे कारण हार. शंभरात एकच टोळी जिंकणार, तेव्हा बहुतेक डाव हरण्याचेच. हरलेला मुलगा चिडून लगेच दुसरा डाव मांडतो. कधी त्याच तिरमिरीत खेळातला नवा पोशाख घेण्यासाठी बापाच्या खात्यातले पैसे उडवतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण खेळातल्या या खरेदीवर पहारा घरानेच ठेवला पाहिजे. आपला पिन आपल्यापाशीच ठेवा.

मात्र खेळणारा प्रत्येक मुलगा तापट होतो असे नाही. कित्येकदा गोष्ट उलटी असते. राहिलेला विषय, परगावच्या खोलीतला एकटेपणा, घरावरचे कर्ज, यांची धग आधीच मनात असते, आणि ती विसरायला पोर खेळात तोंड लपवते. तेव्हा "किती खेळतोस?" याआधी "कसं चाललंय रे तुझं?" हे विचारावे.

आता घरात करायचे काय? डाव चालू असताना मोबाइल हिसकावू नका. "किती वेळ राहिला?" एवढे विचारा, तेवढा वेळ द्या, आणि तो डाव संपल्यावर मात्र उठवाच. दुसरा डाव नाही. हा नियम भांडणाच्या वेळी नव्हे, डोकी थंड असताना, पोराला शेजारी बसवून ठरवा. रात्री दहा वाजता घरातले सगळे मोबाइल एका फळीवर ठेवा, बापाचाही. बाप अंथरुणात व्हिडिओ पाहत असेल तर पोराला सांगायला त्याला तोंड उरत नाही.

आणि पोरापोरींनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. हरल्यावर दुसरा डाव लगेच मांडू नका. तांब्याभर पाणी प्या, बांधापर्यंत चक्कर मारून या. परतल्यावरही खेळावेसे वाटले, तर ते तुम्ही ठरवलेले असेल, रागाने नव्हे.

एवढ्याने भागत नसेल तर? जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या या जडलेल्या सवयीला आजारांच्या यादीत घेतले असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सारे मागे पडते, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही, आणि हे बहुधा वर्षभर चालू असते, ही त्याची लक्षणे. असे दिसले तर लाज न बाळगता मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पोराच्या तोंडी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर मात्र दिवस मोजत बसू नका. त्याला एकटे सोडू नका आणि लगेच मदत घ्या.

बुजलेल्या खोंडाला आपण चाबूक मारत नाही. कासरा सोडूनही देत नाही. पाठीवर हात ठेवतो, चुचकारतो आणि तो निवला की मग जुंपतो. जनावराच्या बाबतीत आपल्याला असलेले हे शहाणपण पोटच्या पोरासाठीही वापरू या.