नोटीस मिळाली?

परवा बाबांचं कपाट आवरताना एक लांबट वही सापडली. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेचे ते काही वर्षं सचिव होते, तेव्हाची ही नोटीस-वही. वर सभेची तारीख आणि विषय, खाली सभासदांची नावं, प्रत्येकापुढे सही. दवाखान्यातला शिपाई सायकलवरून ती घेऊन गावभर फिरायचा. कुणी भेटलं नाही तर नावापुढे बाबांच्या अक्षरात 'पुण्यास, सोमवारी परत'. म्हणजे सोमवारी पुन्हा फेरी!

खेड्यापाड्यातल्या सभासदांना नोटीस पोस्टाने जायची, 'अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग'. पत्त्यांच्या यादीवर तिकीट लावून पोस्टाचा शिक्का घ्यायचा. पुरावा मात्र पत्र टाकल्याचा, पोचल्याचा नव्हे. मागच्या तारखेचा शिक्का मिळवणारे महाभागही तेव्हा होतेच. २०११ मध्ये ती सोय बंद झाली, २०१३ मध्ये तार गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणून मी गळा काढणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातही सर्वसाधारण सभेची नोटीस इलेक्ट्रॉनिक मार्गाने द्यायची मुभा आहे. संघटनांनी व्हॉट्सॲप वापरावं, जरूर वापरावं.

पण गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते. बाबांचे एक मित्र, ऐंशी ओलांडलेले, चाळीस वर्षांचे सभासद. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या संघटनेने वर्गणी वाढवली आणि मुदतीत फरक न भरणाऱ्यांची नावं मतदार यादीतून काढली. सूचना फक्त ग्रुपवर. काकांकडे बटणांचा साधा फोन. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "ग्रुपवर टाकलं होतं की!"

हे 'टाकलं होतं' मला खटकतं. टपालाच्या शिक्क्याचाच तो नवा अवतार. मी पाठवलं, माझी जबाबदारी संपली. तुला मिळालं नाही तर तुझं नशीब.

गंमत म्हणजे बाबांची वही व्हॉट्सॲपमध्येही आहे. ग्रुपवर आपण टाकलेल्या संदेशाची माहिती उघडली की कुणी वाचला, कुणाला नुसता पोचला, ते नावानिशी दिसतं. सायकल नको, शिपाई नको. उरलेल्या पाच-दहा जणांना सचिवाने एकेक फोन करायचा आणि ग्रुपवर नाहीत त्यांची यादी वेगळी ठेवायची. अर्ध्या तासाचं काम. पण ती यादी उघडतो कोण? सुप्रभातच्या फुलांखाली नोटीस कधीच वर सरकलेली असते.

माझं म्हणणं एवढंच, की साधन कुठलंही घ्या, पण ज्याचं नाव किंवा मत जाणार आहे त्याला कळलं की नाही, हे बघणं पाठवणाऱ्याचं काम आहे. नियमावलीत तसं एक वाक्य घालायला कुठलंही तंत्रज्ञान आड येत नाही.

काकांना ती वही दाखवायला नेली. त्यांनी चष्मा पुसून स्वतःच्या सह्या शोधल्या. म्हणाले, "पैशाचं काही नाही गं. नुसता एक फोन केला असता तरी चाललं असतं."

आता अर्ज लिहायला घेतलाय. हाताने लिहून, पोच घेऊन देणार आहे... आणि ग्रुपवरही टाकायला सांगणार आहे!