हौसेचे टायर आणि धंद्याची गाडी

आम्ही कापडाचे व्यापारी. टायरच्या धंद्याशी आमचा संबंध फक्त गिऱ्हाईक म्हणून. तरीही या पानावर टायरविषयी लिहिण्याची वेळ आली, कारण आपल्या बीड जिल्ह्यात एक नवी हौस चांगलीच बोकाळली आहे. आपली तरुण मुले कर्ज काढून पिकअप घेतात. पहिले काही हप्ते फिटले न फिटले तोच पाटे वाढवून गाडी उंच करतात आणि खाली रुंद, मोठ्या खाचांचे जाडजूड टायर चढवतात. थार किंवा स्कॉर्पिओवर हा शौक करणाऱ्या पैसेवाल्यांबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. हौसेला मोल नसते. परंतु ज्या गाडीवर घरची चूल पेटते, तिच्या बाबतीत हौसेचे मोल मोजावेच लागते.

आधी आपल्या गाड्या कोणत्या रस्त्यावर चालतात ते पाहू. बीड शहराला रेल्वे लाभली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. आजवर मालेगाव, इचलकरंजी, सोलापूरचा माल रस्त्यानेच आला आणि अजूनही बहुतेक तसाच येतो. गेवराई आणि बीडवरून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग आता चौपदरी झाला आहे. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेपासून पुष्कळ खेड्यांपर्यंत डांबर पोहोचले. बाजार करणाऱ्या आमच्यासारख्यांची गाडी शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावर धावते. उरलेले दहा म्हणजे बाजारतळ आणि एखादा कच्चा फाटा. मग टायर नव्वदाचा घ्यावा की दहाचा? सारा प्रश्न एवढाच आहे.

आमच्या भाच्याने दहाचा घेतला. आम्ही विचारले तर म्हणाला, "मामू, बाजारात गाडी उठून दिसते." दिसली खरी. पण एका पावसाळ्यात चादरी आणि साड्यांच्या गाठी भरून तो धारूरचा घाट उतरत होता. वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. ब्रेक दाबला, तर गाडी नेहमीच्या जागी थांबली नाही. उंच गाडी, त्यावर उंच माल, त्यामुळे ती एका अंगाला झुकली आणि कठड्याला घासत उभी राहिली. अल्लाहचे शुक्र की कोणाला इजा झाली नाही. दोन गाठी मात्र चिखलात गेल्या आणि मडगार्ड व एक पाटा तुटला. त्या दिवसापासून आम्ही टायर या विषयाचा अभ्यास सुरू केला.

कापडाचा पन्हा आणि पोत पाहिल्याशिवाय आपण ताग्याला हात लावत नाही. टायरलाही पन्हा असतो आणि तो त्याच्या अंगावरच छापलेला असतो. पिकअपवर २१५/७५ आर १५ हे माप सर्रास दिसते. २१५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी बाजूची उंची. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिंगचा व्यास, इंचात. हिशेब केला तर या चाकाचा एकूण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो. भाच्याने चढवलेला टायर ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटरचा. फरक जवळजवळ १२ टक्क्यांचा.

हे १२ टक्के खिशाला कसे लागतात ते पाहा. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच चाकाच्या हिशेबाने मोजतो. गाडी ११२ किलोमीटर चालते आणि मीटर १०० दाखवतो. किलोमीटरवर भाडे घेणारा आपला भाऊ प्रत्येक शंभरामागे १२ किलोमीटर फुकट चालवतो. काट्यावर ६० दिसते तेव्हा गाडी ६७ च्या वेगाने पळत असते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. मोठे टायर घातल्यावर ॲव्हरेज एकदम पडले असे जे दिसते, त्यातला काही भाग या मीटरच्या चुकीचा असतो. पण उरलेला खरा असतो. जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, चढावर गिअर खाली घ्यावा लागतो, क्लच लवकर झिजतो.

ब्रेकचेही तसेच. ब्रेक जुनाच, चाक मोठे, त्यामुळे पायाच्या तेवढ्याच दाबाला रस्त्यावरची पकड कमी मिळते. शिवाय गाडी उंच केली की तिचा तोल वर सरकतो आणि त्यावर आपण गाठींची थप्पी रचतो. घाटातले ते वळण आम्हाला आता नीट समजले.

राहिली नक्षी. मोठ्या खाचांचा टायर काळ्या मातीच्या चिखलासाठी बनवलेला असतो. खाचांतून चिखल बाहेर फेकला जावा, हे त्याचे काम. डांबरावर मात्र रबराचे सुटे ठोकळेच काय ते टेकतात. ओल्या रस्त्यावर पकड कमी पडते, आवाज कानठळ्या बसवतो आणि चाळिशी पार केलेल्या उन्हाळ्यात तापल्या डांबरावर ते ठोकळे झपाट्याने झिजतात. लग्नाचा शालू नेसून कोणी खुरपणीला जात नाही. खुरपणीचे लुगडे नेसून लग्नालाही कोणी जात नाही.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो, ते वेगळेच. आणि मोठा टायर घातला म्हणून माल जास्त भरता येतो, हा तर निव्वळ भ्रम आहे. परवानगीचे वजन कागदावर आहे तेवढेच राहते. त्यापेक्षा जास्त भरले तर दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि प्रत्येक जादा टनाला आणखी दोन हजार.

मोठ्या खाचांच्या टायरची गरज कोणालाच नाही, असे आमचे म्हणणे नाही. रोज शेतातून भाजी काढणारा, वाड्या-वस्त्यांवरून दूध उचलणारा किंवा खडीच्या खाणीवर जाणारा यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मध्यम नक्षीचा, माती आणि डांबर दोन्हींवर चालणारा टायर घ्यावा. वर्षातून चार दिवस ज्याची गाडी चिखलात जाते, त्याने मात्र त्या चार दिवसांसाठी बाकीचे दिवस विकू नयेत. आमचे वडील पावसात माल सडकेवर उतरवून बैलगाडीने आत नेत. आज ट्रॅक्टर मिळतो.

टायर घेताना एवढे पाहावे. दाराजवळच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या पुस्तिकेत जे माप असेल तेच घ्यावे. एकूण व्यासात तीन टक्क्यांहून जास्त फरक पडू देऊ नये, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. मापानंतर जो आकडा छापलेला असतो तो वजनाचा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. कारसाठी बनवलेला टायर रुंद आणि रुबाबदार दिसला तरी हा आकडा कमी असू शकतो, म्हणून मालाच्या गाडीला मालाच्या गाडीचाच टायर घ्यावा. चार आकडी शिक्क्यावरून वय कळते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी तपासावी. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर कायद्यानेही बाद होतो.

शेवटी दोन शब्द आमच्या कारागीर बांधवांसाठी. गॅरेज, पाट्यांचे काम, पंक्चरचे दुकान यांत आपली कितीतरी मुले आहेत. गिऱ्हाईक मोठा टायर मागते आणि त्यात चार पैसे जास्त सुटतात, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्हीही दुकानदारच आहोत. परंतु मालातला ऐब आधी सांगावा आणि मग भाव सांगावा, असे वडिलांनी आम्हाला शिकवले. रंग जाणार असेल तर आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, कारण लुगडे विटले तर एक लुगडे जाते. तुमच्या हातातले काम घाटात विटते. "भाई, तुझी गाडी सडकेवर चालते, तुला हे नको," एवढे सांगितल्याने एक सौदा जाईल. पण तेच गिऱ्हाईक पुढची वीस वर्षे दुसऱ्या दाराला जाणार नाही.

भाच्याने ते टायर निम्म्या किमतीत विकले आणि गाडी मूळ उंचीवर आणली. बाजारात ती आता उठून दिसत नाही. हप्ते मात्र वेळेवर जातात. आम्ही मिस्त्री नाही, तेव्हा हिशेबात चूकभूल द्यावी घ्यावी.