नेम पोराचा की बापाच्या पाकिटाचा?

पॅरिस ऑलिंपिक २०२४ मध्ये होऊन गेलं, पण तो तुर्की नेमबाज युसूफ डिकेच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अजून फिरतोच आहे. एक हात खिशात, साधा टी-शर्ट, डोळ्यांवर रोजचा चष्मा, आणि रौप्यपदक! खाली ओळ ठरलेली : 'कौशल्य असलं की साधनं लागत नाहीत.' आमच्या नाशिकच्या भाच्याने तर ते तीनदा पाठवलं.

भाचेबुवा, जरा दमानं. ते पदक एअर पिस्तुलातलं. पिस्तुलाला जाड जॅकेट वगैरे मुळात चालतच नाही, त्यामुळे माणूस साधा दिसतो. हातातलं पिस्तूल मात्र साधं नव्हतं, हवेच्या सिलिंडरवर चालणारं खास स्पर्धेचं होतं. असली पिस्तुलं आपल्याकडे लाखाच्या वर जातात. शिवाय हे गृहस्थ तिकडच्या निमलष्करी दलात नोकरी केलेले. खिशात घातलेला हात सगळ्यांना दिसला, खिशामागचा पगार कुणाला दिसला नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी. बापाची इथे चौलला सुपारीची छोटी वाडी आहे. पोरगी शालेय स्पर्धेत 'ओपन साइट'मध्ये, म्हणजे नळीवरच्या साध्या खाचेतून नेम धरायच्या गटात, चांगली खेळली. आता पुढे जायचं तर 'पीप साइट'. म्हणजे जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल, दोन-अडीच लाखांच्या पुढे. वर कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, हातमोजा. आणि सरावाला पनवेल, म्हणजे वडखळमार्गे जाण्यायेण्यातच दिवस संपला. बाप मला म्हणाला, "गुरुजी, पोरीचा नेम चुकत नाही, माझाच चुकतोय." सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

कुणी म्हणेल, खेळ म्हटला की खर्च आलाच. मान्य. नवी रायफल चांगली आहे हेही मान्य. जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीला झटका बसायचा, हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलीला तो जवळजवळ नसतो आणि मुलं लवकर शिकतात. माझं भांडण यंत्राशी नाही, ते यंत्र सक्तीचं करणाऱ्या नियमांशी आहे.

आता जरा गणिताचा तास. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पूर्वी छर्रा त्याला नुसता शिवला तरी दहा गुण. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० मारले ते याच हिशेबात. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने प्राथमिक फेरीतही दशांश आणले. आता १०.० वेगळे आणि १०.९ वेगळे. केसाएवढा फरक आला, की तो हाताचा, नळीचा की छर्ऱ्याच्या डब्याचा हे कोण सांगणार? मग कोणत्या डब्याचे छर्रे आपल्या नळीला मानवतात ते तपासून तेच साठवायचे. कागदाचं लक्ष्य काही रुपयांत येतं, पण दशांश मोजायला इलेक्ट्रॉनिक लक्ष्य हवं, आणि त्याची एकेक लेन क्लबाला लाखांत पडते. जॅकेट किती ताठ असावं, किती सैल असावं, हे मोजून तपासतात. चौदा वर्षांचं पोर वर्षात चार बोटं वाढतं, त्याच्या बापाने दरवर्षी जॅकेट शिवायचं का?

पोहण्याच्या खेळात असंच झालं होतं. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत त्या सर्वांगी पोशाखांमुळे ४३ विश्वविक्रम झाले. महासंघ शुद्धीवर आला आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद. कुणाचं काही अडलं का? आणि अमेरिका, जिथे बंदुकांना आणि पैशाला तोटा नाही, तिथेही शाळकरी नेमबाजांसाठी 'स्पोर्टर' नावाचा वेगळा गट आहे. ठरवून दिलेल्या स्वस्त रायफली, खास जॅकेट नाही, आणि त्या गटाला मानही आहे. आपल्याकडे ओपन साइट म्हणजे बालवाडी, लवकर सोडायची. का बरं?

स्वप्नील कुसाळेचं उदाहरण मला हमखास ऐकवलं जातं. राधानगरीतल्या कांबळवाडीचा शिक्षकाचा मुलगा, पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक. पण तो २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे मध्य रेल्वेत नोकरी लागली. तरीही वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. पदक आल्यावर सरकारने एक कोटी जाहीर केले. द्यावेतच. पण एका कोटीत शाळकरी मुलांसाठी चाळीस रायफली येतात हो!

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की सतरा वर्षांखालच्या शालेय स्पर्धा राज्यापर्यंत एकाच ठरावीक, स्वस्त रायफलीवर घ्याव्यात. जॅकेट नको, दशांश नको. रायफली सरकारच्या, स्पर्धेच्या जागी ठेवलेल्या, ज्याचा नंबर येईल त्याने उचलायची. महागडी मॅच रायफल त्यातून निवडलेल्यांना, तीही प्रबोधिनीकडून. 'मग आपली मुलं आंतरराष्ट्रीय पातळीवर मागे पडतील' हा आक्षेप मी ऐकलाय. वाडीतली पोरं पहिल्या पायरीवरच गळतात, ती कुठली मागे पडायला?

या अर्थाचं पत्र मी अलिबागला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना पाठवलंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ब्लॉगकर मंडळींपैकी कुणाला आपल्या जिल्ह्यात द्यायचं असेल तर मसुदा मागवा, पाठवतो. भाचेबुवांनाही नाशिकसाठी एक प्रत पाठवतोय. फॉरवर्ड करायची सवय आहेच त्यांना.