गिरडचे दगडी नारळ : भूगोल कसा वाचावा?

१/ वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. तेथील टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे भाविक पिढ्यानपिढ्या तेथे येतात. याच टेकडीवर गोलसर दगडी गाठी विपुल सापडतात.

२/ ब्रिटिशकालीन गॅझेटियरने या दगडांची आख्यायिका नोंदवली आहे. दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचे नारळ व सारा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागताच बाबांनी वाळक्या पानांतून नवा माल निर्माण केला. व्यापारी मग कायमचे त्यांच्या सेवेत राहिले.

३/ भूशास्त्र सांगते की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे साचली. भोवतालचा खडक झिजला, तशा कठीण गाठी मोकळ्या झाल्या.

४/ ‘कथा खोटी, शास्त्र खरे’ एवढे म्हणून बहुतेक चर्चा येथे संपते. ती संपू नये. गिरडपासून दोन्ही समुद्रकिनारे शेकडो किलोमीटर दूर आहेत आणि नारळ हे किनाऱ्याचे फळ आहे. तरीही येथील लोकांना दगडात नारळच दिसला, कारण तो व्यापाऱ्याच्या ओझ्यातून येत होता. दगड कसा घडला हे कथा सांगत नाही. पण या मुलखात माल बाहेरून येई आणि तो आणणारा फिरस्ता असे, ही आठवण तिने जपली आहे.

५/ असा एकत्रित अभ्यास विदर्भाला नवा नाही. १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सहकारी हंटर यांच्यासह या परिसराचे खडक व जीवाश्म यांवर निबंध लिहिला. तो १८५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच हिस्लॉप यांनी गोंडांची भाषा आणि गीते टिपली. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. खडक, माणसे आणि पुराणावशेष हे त्यांच्या लेखी एकाच मुलखाचे विषय होते.

६/ आजचा शालेय भूगोल मात्र बेसाल्टची व्याख्या पाठ करवून घेतो आणि टेकडीला सहलीचे ठिकाण मानतो. दगड हातात घ्यावा, जुनी कथा वृद्धांकडून ऐकून सांगणाऱ्याच्या नावासह टिपावी, बाजाराच्या जुन्या वाटा नकाशावर आखाव्यात. तेव्हा भूगोल शिकला असे म्हणता येईल. दगड कोट्यवधी वर्षे टिकले, आणखीही टिकतील. कथा सांगणारी पिढी तेवढा अवधी देणार नाही.