कल्याणच्या पुढे कोण?

शहापूरची माझी भाची संगणकाच्या पदविकेला आहे. परवा तोंडी परीक्षा देऊन आली, ती चेहरा पाडूनच. म्हणाली, "मामू, 'उजव्या फांदीत जा, मग डावीकडे शेवटपर्यंत उतर' हे पाठ होतं. सरांनी विचारलं, उजवी फांदीच नसेल तर? मी म्हटलं, मग पुढची संख्या नाही." उत्तर चुकलं होतं.

प्रश्न बायनरी सर्च ट्रीचा होता. हे संगणकातलं उलटं झाड. मूळ वर, फांद्या खाली. प्रत्येक संख्येच्या डाव्या फांदीत तिच्याहून लहान संख्या, उजव्या फांदीत मोठ्या. दिलेल्या संख्येच्या लगेच पुढची मोठी संख्या शोधायची असते.

मी म्हटलं, "कागद आण बेटा." आणि आपल्याच भागातले पिनकोड मांडले. सर्वांत वर मुरबाड, ४२१४०१. त्याच्या डावीकडे डोंबिवली ४२१२०१, उजवीकडे बदलापूर ४२१५०३. डोंबिवलीच्या उजवीकडे कल्याण ४२१३०१. बदलापूरच्या डावीकडे अंबरनाथ ४२१५०१, उजवीकडे शहापूर ४२१६०१.

मुरबाडच्या पुढे कोण? उजवीकडे बदलापूर, तिथून डावीकडे उतरलो की अंबरनाथ. इथे पाठांतर चाललं.

आता कल्याण. त्याला उजवी फांदी नाही, म्हणून वर चढायचं. कल्याण डोंबिवलीच्या उजवीकडे, म्हणजे डोंबिवली लहान, ती सोडा. डोंबिवली मात्र मुरबाडच्या डावीकडे आहे. डावीकडून वर आलो की तिथेच थांबायचं. कल्याणच्या पुढे मुरबाड!

शहापूरपासून चढलो, तर प्रत्येक वेळी उजवीकडूनच वर येतो आणि झाड संपतं. म्हणजे शहापूर सर्वांत मोठा. "पुढे कोणी नाही" हे उत्तर फक्त इथे बरोबर. भाची हसली, "म्हणजे माझं उत्तर शहापूरपुरतं खरं होतं!"

या पद्धतीत सगळी यादी चाळावी लागत नाही. समतोल झाडात हजार संख्या दहा पातळ्यांत मावतात. पण त्याच संख्या चढत्या क्रमाने भरत गेलो, तर एकच लांब फांदी होते आणि फायदा जातो.

पालकांनो, मुलांनी व्याख्या घडाघडा म्हटली की लगेच समाधान मानू नका. "हे नसेल तर?" एवढं विचारा. विषय तुम्हाला येत नसला तरी चालेल.

आणि मुलांनो, या झाडात भिवंडीचा ४२१३०२ कुठे बसेल? मग कल्याणच्या पुढे कोण येईल? आधी झाड काढा, मगच उत्तर द्या.