विमान आणि मणी



दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात इथल्या एका मराठी मंडळाने मला 'प्राचीन भारतातले विज्ञान' या विषयावर चाळीस मिनिटे बोलायला बोलावले. मी सिरॅमिक पदार्थांवर संशोधन करतो, त्यामुळे काय बोलायचे ते डोक्यात पक्के होते: हडप्पाकालीन लाल अकीकाचे मणी आणि त्यांना पाडलेली भोके. संयोजकांना फोनवर तसे सांगितले, तर पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "मणी ठीक आहेत हो डॉक्टर, पण आरतीनंतर लोक थांबले पाहिजेत. विमानाचं काहीतरी घाला की!"

आणि मी घातले. 'वैमानिक शास्त्रा'तल्या विमानाचे चित्र, आणि खाली बारीक अक्षरांत 'असे मानले जाते'. सर्वात जास्त टाळ्या त्याच स्लाइडला पडल्या. शेवटी दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला. "काका, मग एक तरी मोडकं विमान सापडलं का?" मी "छान प्रश्न आहे" म्हणून हसलो आणि दुसऱ्या हाताकडे वळलो.

त्या मुलीचे उत्तर माझ्याकडे थकलेले आहे. ते ठाऊक नव्हते अशातलाही भाग नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच हा ग्रंथ तपासला होता. सुब्बराय शास्त्री नावाच्या पंडितांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तोंडी सांगून लिहवून घेतला. या अभ्यासकांनी भाषा, वृत्ते आणि हस्तलिखितांचा माग काढून तो १९०४ च्या आधीचा असू शकत नाही असा निष्कर्ष काढला. मग त्यातली विमाने उडतील का, याचे गणितही मांडले. उडत नाहीत. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांसमोर तावातावाने बोललो होतो. मंडळात मात्र गप्प बसलो. सहकाऱ्यांपुढे शौर्य दाखवायला काही लागत नाही. आपल्या माणसांत, प्रसादाच्या पानावर बसून, तेच बोलायला जीभ जड होते.

आता मण्याकडे येतो. लाल अकीक, म्हणजे कार्नेलियन, काठिण्याच्या मोहस मापावर सुमारे सात. काच साडेपाच, तांबे तीन. म्हणजे तांब्याची नुसती सुई अकीकावर घासली तर सुईच झिजणार. आणि हडप्पाच्या कारागिरांनी तर दहा-दहा सेंटिमीटर लांबीच्या, बोटासारख्या निमुळत्या मण्यांतून आरपार भोक नेले आहे. दोन्ही टोकांकडून खोदत यायचे आणि मध्यावर दोन्ही भोके एकमेकांना भेटली पाहिजेत. जरा रेषा चुकली की दिवसांचे काम फुकट.

यासाठी ते वापरत ती टोके एका खास दगडाची. मार्क केनोयर आणि मास्सिमो विदाले या संशोधकांनी त्या दगडाला 'अर्नेस्टाइट' हे नाव दिले. त्यात क्वार्ट्झबरोबर सिलिमनाइट आणि मुलाइट सापडते. मुलाइट म्हटल्यावर माझ्यासारख्या भट्टीवाल्याचे कान टवकारतात, कारण ते आम्ही उच्च तापमानाला मुद्दाम तयार करतो; निसर्गात ते फार क्वचित आढळते. तो दगड कारागिरांनी भाजून आणखी टणक केला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे, आणि मला ते पटते. केनोयर यांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा अशा टोकाने तासाला सुमारे अडीच मिलिमीटर भोक पडले. दहा सेंटिमीटरला चाळीस तास. इथल्या हिशेबाने सोमवार ते शुक्रवार, एक मणी! कराचीजवळच्या अल्लाहदिनो इथे अशा ३६ लांब मण्यांचा पट्टा सापडला आहे. सरासरी दहा सेंटिमीटर धरले, तर एका माणसाचे ३६ आठवडे नुसते भोक पाडण्यात गेले. त्यात दगड फोडणे, घडवणे, लोहाचा अंश लाल व्हावा म्हणून मंद आचेवर भाजणे आणि झिलई देणे धरलेले नाही.

(मी स्वतः हिऱ्याच्या बिटने अकीकाला भोक पाडून पाहिले. पाणी कमी पडले आणि पहिले दोन मणी तडकले.)

हे मणी समुद्रापार इराकमधल्या ऊर शहरी पोचले. लिओनार्ड वूली यांनी तिथल्या राजघराण्याच्या कबरी उकरल्या, त्या इ.स.पू. २५०० च्या आसपासच्या; त्यांत सिंधूकडचे अकीकाचे मणी निघाले. कच्चा अकीक मुख्यतः गुजरातेतला, आणि तो मुळात दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांत घडलेला. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा, त्याच लाव्हाच्या. खंभातचे कारागीर आजही अकीकाचे मणी करतात. केनोयर यांनी बरेचसे शिकले ते त्यांच्या शेजारी बसून.

आणि हो, मोडके सापडले का? मण्यांचे सापडले. सिंधमधल्या चन्हुदडो इथे १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी (दगडाचे नाव त्यांच्यावरूनच आहे) मण्यांचा अख्खा कारखाना उकरला. अर्धवट भोक पडलेले मणी, भोक पाडताना फुटलेले मणी, झिजलेली टोके. धोळावीऱ्यालाही अशी टोके शेकड्यांनी मिळाली. जिथे खरोखर काही बनत होते तिथे कचरा असतोच. माझ्या प्रयोगशाळेतही डबाभर आहे. विमानाच्या मागे एक बोल्ट नाही, फुटकी मूस नाही, फसलेल्या प्रयोगाची राख नाही.

भोकाची गोष्ट हडप्पाहूनही फार जुनी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला एक तुकडा मिळाला. साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग फिरत होते आणि शिकारीवर जगणारा कोणीतरी गारगोटीच्या टोकाने कवचाला भोक पाडत बसला होता. चाळीसगावच्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

हा रोग एकट्या आपला नाही. एरिक फॉन डेनिकेनने १९६८ मध्ये परग्रहवासीयांचे पुस्तक लिहिले, तेव्हापासून पिरॅमिड माणसांनी बांधले हे कित्येकांना पटेनासे झाले आहे. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पपायरसवरची रोजनिशी सापडली. मेरेर नावाच्या मुकादमाची. आपल्या टोळीने तुऱ्याचा चुनखडक होडीतून गिझाला खुफूच्या पिरॅमिडकडे कसा नेला, याच्या त्यात दिवसवार नोंदी आहेत. म्हणजे अक्षरशः टाइमशीट! पण टीव्हीवर परग्रहवासीच.

मला यात जे खुपते ते वेगळेच आहे. विमान हे ऋषीचे, मणी कारागिराचा. आपल्याला मंत्र म्हटल्यावर उडणारे यान हवे असते, कारण ते ज्याच्या डोक्यातून निघाले त्याच्या जातकुळीत स्वतःला बसवणे सोपे जाते. चाळीस तास वाकून, पाण्याचे थेंब सोडत, धनुकलीने टोक फिरवणारा माणूस आपल्या पूर्वजांच्या यादीत नसतो. पुढे याच देशात हाताने काम करणाऱ्याला आपण कुठल्या पायरीवर बसवले ते आठवले, म्हणजे तो यादीत का नाही हे कळते. हडप्पावासीयांची लिपी अजून वाचता आलेली नाही, ते कोणती भाषा बोलत हेही ठरलेले नाही, आणि मोहेंजोदडो आज दुसऱ्या देशात आहे. तरी छाती फुगवायचीच असेल तर निदान त्या कारागिरासाठी फुगवू या.

यंदा मंडळाकडे मी पुन्हा वेळ मागितला आहे. चाळीस नाही, वीस मिनिटे मिळाली आहेत, तीही जेवणाआधी. विमानाची स्लाइड ठेवणार आहे, १९७४ च्या निष्कर्षासकट. सोबत माझे दोन तडकलेले मणी नेणार आहे. ती मुलगी आता तेराएक वर्षांची असेल. तिचे आईवडील माझ्या ओळखीचे नाहीत, पण निरोप पोचवतो असे संयोजक म्हणाले आहेत.