डोमकळ्या वेचणारे हात



२०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, आणि फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात माणसे मेली. पुढच्या हंगामात आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी एक बिनपगारी काम अंगावर घेतले. रोज सकाळी कामगंध सापळ्यांतले पतंग मोजायचे आणि आकडा चावडीच्या फळ्यावर लिहायचा. सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन रात्री पडले, तर फवारणीची वेळ आली.

लोकांनी विचारले, ‘कोणत्या कंपनीचे?’ त्यांचे चुकले नाही. फसवलेच आहे इतक्यांनी. शेतीची पदवी तिथे कामी आली नाही. मग बोलणे सोडले आणि दुसऱ्याच्या वावरात डोमकळ्या वेचू लागलो, कारण पतंगाला धुरा कळत नाही. अळी आत असलेले ते मिटलेले फूल तोडून नष्ट केले, की तेवढी अळी संपली. तिसऱ्या दिवशी त्या घरची बाई पदर खोचून शेजारच्या ओळीत उतरली.

आमच्यातल्या एकाचे निंदण मात्र राहिले, ज्वारीत गवत माजले. घरी त्याने बोलणी खाल्ली. त्याच्या वावरात कोणी गेले नाही, आम्हीही नाही.

यंदा मोजणीच्या पाळीत नाव लिहिणाऱ्याने आपल्या निंदणाचा दिवसही त्याच कागदावर लिहावा. कागद सभेच्या दाराशी ठेवला आहे.